ऑर्कनीत उन्हाचा एक दिवस: भटकायचं कसं आणि समुद्रात उतरायचं कसं

ऑर्कनीच्या किनाऱ्याचा फोटो गावी पाठवला की सगळ्यांना तो तारकर्लीचा वाटतो. तीच पांढरी वाळू, तेच हिरवं-निळं नितळ पाणी, वर लख्ख ऊन. माझा आचऱ्याचा मामा इथे आला तेव्हा पहिल्या दिवशी असाच फसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ऐटीत पाण्यात गेला आणि दुसऱ्या क्षणी वाळूवर परत. म्हणाला, "मेल्या, ह्या पाण्यात मासो तरी रवता काय?"

मासे राहतात, सीलही राहतात, आणि नीट तयारी केली तर आपणही पाच-दहा मिनिटं मजेत राहू शकतो. मी ॲबर्डीनला राहतो आणि आत्तापर्यंत चार वेळा ऑर्कनीला जाऊन आलोय. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळंच चुकलं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: तिथे दिवस आखताना आकाश नंतर बघायचं, आधी भरती-ओहोटी आणि वारा. ऊन अंगावर असतं, पाण्यात नसतं.

थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून सोळाएक किलोमीटरवर, ५९ अंश उत्तर अक्षांशावर ही सत्तरेक बेटं आहेत. वस्ती विसेक बेटांवर, एकूण लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास. सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव 'मेनलँड'. इथे पहिला गोंधळ होतो, कारण आपल्याला मेनलँड म्हणजे स्कॉटलंडची मुख्य भूमी वाटते. ऑर्कनीत कुणी 'मेनलँड' म्हणालं तर ते त्यांच्याच मोठ्या बेटाबद्दल बोलत असतात. कर्कवॉल आणि स्ट्रॉमनेस ही दोन मुख्य गावं याच बेटावर आहेत आणि खाली आखलेला दिवसही इथलाच आहे.

१. महिना ठरवा

जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असतो, म्हणून सगळे जूनमध्ये धावतात. पण समुद्र तापायला वेळ घेतो. मार्चमध्ये पाणी ६-७ अंश असतं आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरात ते १३ अंशांच्या आसपास जातं. त्याहून गरम ते होत नाही. कोकणातला समुद्र २७-२८ अंशांचा असतो, त्या हिशेबाने हे पाणी माठातलं नव्हे, फ्रिजमधलं आहे.

पोहण्यासाठीच जायचं असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. पफिन पक्षी बघायचे असतील तर जुलै संपायच्या आत जा, ऑगस्टमध्ये ते समुद्रात निघून जातात. दोन्ही हवं असेल तर जुलैचा मध्य.

२. पोचायचं कसं

तीन मुख्य मार्ग आहेत.

ॲबर्डीनहून कर्कवॉलला नॉर्थलिंकची बोट आहे. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ती संध्याकाळी सुटते आणि रात्री अकराच्या सुमारास पोचते. धक्का गावाबाहेर हॅटस्टनला आहे, म्हणून रात्री उतरल्यावर राहायच्या जागी कसं जायचं हे आधीच ठरवून ठेवा.

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेसला जाणारी बोट दीड तासाची. माझी आवडती हीच, कारण ती होय बेटाच्या कड्यांजवळून जाते आणि 'ओल्ड मॅन ऑफ होय' हा समुद्रात एकटा उभा असलेला १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका डेकवरून दिसतो. त्याच किनाऱ्यावरच्या गिल्स बेहून ऑर्कनीतल्या सेंट मार्गारेट्स होप या गावाला जाणारी पेंटलंड फेरीजची बोट त्याहूनही लवकर, तासाभरात पोचवते.

लोगनएअरचं विमान कर्कवॉलला उतरतं. वेळ वाचतो, पैसे नाही.

उन्हाळ्यात बोटीवर गाडीची जागा लवकर भरते. माणसाला जागा मिळते, गाडीला मिळत नाही, म्हणून गाडी नेणार असाल तर महिना-दोन महिने आधी बुकिंग करा. बोट लागत असेल तर गोळी बोट सुटण्याआधी घ्या. पेंटलंड फर्थमध्ये, म्हणजे स्कॉटलंड आणि ऑर्कनी यांच्यामधल्या सामुद्रधुनीत पोचल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

कागदपत्रं फार लागत नाहीत. भारतातून येणाऱ्यांना यूकेचा व्हिसा असला की पुरे, ऑर्कनीसाठी वेगळा परवाना नाही. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. गाडी भाड्याने घेणार असाल तर मूळ ड्रायव्हिंग लायसन्स आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड घ्या. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर समोरून गाडी दिसली की 'पासिंग प्लेस'मध्ये, म्हणजे वाट द्यायला रुंद केलेल्या जागेत थांबायचं आणि वाट मिळाली की हात वर करून आभार मानायचे. हात वर न करणारा बाहेरचा, हे लगेच ओळखलं जातं.

गाडी नसेल तर एक्स१ क्रमांकाची बस स्ट्रॉमनेस, कर्कवॉल आणि सेंट मार्गारेट्स होप यांना जोडते. मात्र बर्से (ओहोटीला चालत जायचं बेट) आणि स्कारा ब्रे (प्राचीन दगडी वस्ती) एका दिवसात बसने करायचं म्हणजे घड्याळाकडे बघत फिरणं. शिवाय रविवारी फेऱ्या कमी.

३. भरती-ओहोटीचं कोष्टक काढा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग दिवस बिघडतो.

आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. मामाने तो हिशेब ऑर्कनीत लावून पाहिला आणि सपशेल आपटला. भरती कुठे किती वाजता पोचेल हे किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर ठरतं, म्हणून पाऊणपटीचं गणित आपल्या किनाऱ्यापुरतंच. ऑर्कनीत तर पश्चिमेचं स्ट्रॉमनेस आणि पूर्वेचं कर्कवॉल यांच्याही वेळा जुळत नाहीत. मामाचा अर्धा हिशेब मात्र खरा ठरला: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हे जगभर सारखंच. नवख्याने पोहण्यासाठी भांगाचे दिवस निवडावेत, पाण्याची ओढ कमी असते.

कोष्टक बघताना दोन गोष्टी तपासा. पहिली, ते कोणत्या बंदराचं आहे. पश्चिम किनाऱ्यासाठी स्ट्रॉमनेसचं बघा. दुसरी, वेळ जीएमटीत दिलीय की ब्रिटिश उन्हाळी वेळेत. उन्हाळ्यात घड्याळ जीएमटीच्या एक तास पुढे असतं. काही कोष्टकांत तो तास आपण मिळवायचा असतो, काहींत तो आधीच मिळवलेला असतो. मी एकदा मिळवलेल्या तासात आणखी एक तास मिळवला आणि बर्सेच्या बेटावर निवांत डबा खात बसलो. परतताना वाट पाण्याखाली जायला लागली होती. गुडघाभर पाण्यातून, बूट हातात घेऊन, शेवाळावर घसरत आलो. आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर पुढच्या ओहोटीपर्यंत पफिनांच्या सोबतीला राहावं लागलं असतं.

वाऱ्याची दिशाही याच वेळी बघून ठेवा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा धोक्याचा. काठावर पाणी शांत दिसतं आणि वारा माणसाला हळूच आत नेतो. फुगवलेली गादी, ट्यूब वगैरे घरीच ठेवा.

४. सामान

पोहण्यासाठी: वेटसूट (ऊब टिकवणारा रबरी पोशाख, नवख्याने तो घालावाच), निओप्रीनचे मोजे आणि हातमोजे, भडक रंगाची टोपी आणि टो फ्लोट. टो फ्लोट म्हणजे कमरेला दोरीने बांधून मागे तरंगत ठेवायचा नारिंगी फुगा. विहिरीत पोहायला शिकताना आपण पाठीला सुका भोपळा बांधायचो, त्याचाच हा चुलतभाऊ. फरक एवढाच की भोपळा आपल्याला तरंगत ठेवायचा, हा मुख्यतः आपण लांबून दिसावं म्हणून असतो. त्याच्या भरवशावर खोल पाण्यात जायचं नाही.

काठावर ठेवण्यासाठी: मोठा टॉवेल, लोकरीची टोपी, सैल आणि पटकन चढवता येतील असे कपडे, थर्मासमध्ये चहा, काहीतरी गोड. उभं राहायला एक जुनी चटई न्या, थंड वाळूवर ओल्या पायांनी उभं राहिलं की उरलीसुरली ऊबही जाते. जीन्स नेऊ नका. गारठलेल्या बोटांनी जीन्सचं बटण लावून बघा म्हणजे कळेल.

भटकण्यासाठी: वाऱ्याला अडवणारं जाकीट, चांगली पकड असलेले बूट आणि सनस्क्रीन. वारा गार असल्यामुळे ऊन लागत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सावलीही नाही. छत्री आणू नका, वारा ती हातात राहू देत नाही.

५. सकाळ-दुपारचा क्रम

ओहोटी सकाळी असेल तर आधी बर्से, मग स्कारा ब्रे, मग दगडांची वर्तुळं आणि दुपारी चढत्या भरतीला पोहणं. ओहोटी दुपारी असेल तर बर्से शेवटी ठेवा आणि पोहणं त्यानंतर, संध्याकाळच्या चढत्या भरतीला. असं आखलं की बाकी दिवस आपोआप बसतो.

ब्रॉ ऑफ बर्से हे मेनलँडच्या वायव्य टोकाचं छोटं बेट. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास तिथे चालत जाता येतं. वर पिक्टिश (स्कॉटलंडचे जुने रहिवासी) आणि नॉर्स (व्हायकिंग) वस्तीचे अवशेष आहेत, टोकाला १९२५ मध्ये बांधलेलं दीपगृह आहे आणि कड्यांवर पक्षी. कड्याच्या अगदी कडेला जाऊ नका, गवताखाली जमीन पोकळ असू शकते.

बर्सेच्या दक्षिणेला मारविक हेडच्या कड्यावर एक चौकोनी बुरूज दिसतो. तो लॉर्ड किचनरच्या स्मरणार्थ बांधलाय. हा तोच किचनर, जो १९०२ ते १९०९ भारताचा सरसेनापती होता आणि ज्याच्या कारकिर्दीत लष्कराचं स्टाफ कॉलेज आधी आपल्या देवळालीत सुरू झालं आणि मग क्वेट्ट्याला गेलं. ५ जून १९१६ रोजी त्याला घेऊन निघालेली एचएमएस हॅम्पशायर ही युद्धनौका इथून जवळच सुरुंगावर आदळून बुडाली. त्याच्यासह ७३७ जण गेले, वाचले फक्त १२. किनारा दोन-अडीच किलोमीटरवर होता आणि महिना जूनचा. वादळ होतं हे खरं, पण तराफ्यांवर चढलेलेही कितीतरी जण थंडीनेच गेले. पोहायला जाण्याआधी हा बुरूज बघितलेला बरा.

स्कारा ब्रे ही पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी वस्ती. १८५० मधल्या वादळाने वाळू उडवून नेली आणि घरं उघडी पडली. चुलीची जागा, दगडी खाटा, भिंतीलगतची दगडी फडताळं जागच्या जागी आहेत. आपल्या जुन्या घरातलं भांड्यांचं फडताळ आठवतं. इथे ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं, उन्हाळ्यात आधी काढा. मेसहाउ हे दफनगृहही बघायचं असेल तर तिथे मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, तेव्हा त्याचीही जागा आधी राखून ठेवा. रिंग ऑफ ब्रॉडगर या दगडांच्या वर्तुळाला तिकीट नाही. मूळच्या साठेक दगडांपैकी २७ आज उभे आहेत. गर्दी नको असेल तर तिथे संध्याकाळी जा, उजेड भरपूर असतो.

मध्येच एकाएकी धुकं आलं तर घाबरू नका. त्याला 'हार' म्हणतात. उबदार हवा गार समुद्रावरून आली की ते तयार होतं, आणि बहुधा एकाच बाजूच्या किनाऱ्यावर असतं. गाडी काढून बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेलात तर तिथे लख्ख ऊन सापडू शकतं. पण पाण्यात असताना हार येताना दिसला तर तडक बाहेर या. काठ दिसेनासा व्हायला फार वेळ लागत नाही.

६. पोहायची जागा निवडा

पहिल्यांदा उतरणाऱ्याने स्कॅपा बीचला जावं. कर्कवॉलपासून दोनेक किलोमीटरवर आहे, आडोशाची आहे, वाळू हळूहळू खोल होते आणि बहुधा कुणी ना कुणी स्थानिक माणूस पोहत असतो. समोरच्या स्कॅपा फ्लो या बेटांनी वेढलेल्या पाण्यात १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने एचएमएस रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. काठावर त्या नौकेचं स्मारक आहे. त्यानंतर पूर्वेकडच्या खाड्या बंद करण्यासाठी चर्चिल बॅरियर्स हे बंधारे बांधले गेले. आज त्यांच्यावरून रस्ता जातो आणि वाटेत लॅम होम या बेटावर इटालियन युद्धकैद्यांनी दोन पत्र्याच्या निसन झोपड्यांतून उभं केलेलं चॅपल लागतं. दुसरा दिवस हाती असेल तर तो तिकडे द्या.

माझी लाडकी जागा वॉकमिल बे. ओहोटीला इथे पाणी दूर जातं आणि वाळूचं मोठं पटांगण उघडं पडतं. दिवसभर ऊन खाल्लेल्या त्या वाळूवरून भरतीचं पाणी परत येतं तेव्हा ते जरासं कोमट झालेलं असतं. जरासंच. पण तिथे एक-दोन अंशही मोलाचे. म्हणून चढत्या भरतीला जा, ओहोटी लागली की निघा. पायऱ्या उतरून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या मंडळींना आधी सांगा.

स्कारा ब्रेला लागूनच असलेला बे ऑफ स्केल फार देखणा आहे. पण तो थेट अटलांटिकला उघडा, वारा नसतानाही लाटा मोठ्या येऊ शकतात. समुद्र अगदी शांत असेल आणि स्थानिक लोक पोहताना दिसले तरच उतरा. बेटांमधल्या सामुद्रधुन्यांत कधीच नाही. पेंटलंड फर्थमध्ये भरतीचा प्रवाह बारा नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी वीस किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. पट्टीचा पोहणाराही तिथे पालापाचोळाच.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने जवळजवळ कुठेही चालायचा, पोहायचा हक्क सर्वांना दिलाय. त्यामुळे कुणी हटकणार नाही. पण किनाऱ्यावर जीवरक्षकही नसतात, हे विसरू नका.

७. पाण्यात उतरताना

हृदयविकार, रक्तदाब, दमा असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. एकट्याने जाऊ नका. एक माणूस काठावर, कोरडा, हातात फोन घेऊन. दारू आधी नाही.

उडी मारायची नाही. विहिरीत सूर मारायची सवय असलेल्यांना हे जड जातं, मलाही गेलं. गार पाणी अंगाला लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. या पहिल्या एक-दोन मिनिटांत चांगले पोहणारेही बुडतात.

चालत आत जा. मनगटं, मान, तोंड यांना पाणी लावा. कमरेइतक्या पाण्यात थांबा आणि लांब श्वास सोडा. घेण्याची काळजी करू नका, तो येतोच. श्वास ताब्यात आला की मग पोहा, काठाला समांतर आणि पाय टेकतील एवढ्याच पाण्यात. धडपड व्हायला लागली तर पाठीवर होऊन नुसतं तरंगा, मिनिटभरात श्वास बसतो.

पहिल्या दिवशी तीन ते पाच मिनिटं पुष्कळ झाली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला छान वाटायला लागतं, थंडी गेलीशी वाटते. थंडी गेलेली नसते, कातडी बधिर झालेली असते. छान वाटत असतानाच बाहेर या.

जेलीफिश बघून घ्या. पारदर्शक, जांभळ्या कड्यांची मून जेलीफिश निरुपद्रवी. तांबूस, लांब केसांची लायन्स मेन मात्र चांगलीच डसते आणि तिचे तंतू दूरवर पसरलेले असतात, ती दिसली तर त्या दिवशी पोहणं रद्द. सील जवळ आला तर त्याच्यामागे जाऊ नका, तोच तुम्हाला बघायला आलेला असतो.

कुणी अडचणीत दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. ९९९ किंवा ११२ लावून 'कोस्टगार्ड' मागा.

८. बाहेर आल्यावर

खरी गंमत इथे आहे. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, म्हणून कुडकुडणं दहा मिनिटांनी सुरू होतं. तेव्हा फोटो नंतर, आधी कपडे. वरचं ओलं काढा, पुसा, कोरडं घाला, टोपी चढवा, मग खालचं. जे कपडे आधी घालायचे ते वर येतील असे रचून ठेवलेले असले की काम सोपं होतं. मग चहा, खाऊ, थोडं चालणं. कढत पाण्याची अंघोळ लगेच नको, चक्कर येते. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडीही चालवू नका. बोलणं अडखळायला लागलं किंवा माणूस भलतंच बोलू लागला तर त्याला गुंडाळून ठेवा आणि मदत मागा.

९. पोटपूजा आणि संध्याकाळ

फिश अँड चिप्स सगळीकडे मिळतं. पण बेकरीत 'बेअर बॅनक' मागा. बेअर हे तिथलं जुन्या वाणाचं जव, बर्सेच्या बॅरनी मिलमध्ये ते अजून पाण्याच्या चक्कीवर दळतात. बॅनक म्हणजे त्या पिठाची जाड, करडी, तव्यावर भाजलेली रोटी. चव भाकरीच्या इतक्या जवळची की मामाने पिशवीतून लसणाची चटणीच काढली. वर ऑर्कनीचं चीज ठेवलं की उत्तमच. शाकाहारी मंडळींनी दुपारचा डबा बरोबर ठेवावा, बर्सेच्या बाजूला दुकानं मोजकीच.

कर्कवॉलला परतल्यावर सेंट मॅग्नस कॅथीड्रलपाशी थांबा. ११३७ मध्ये सुरू झालेली ही इमारत लाल-पिवळ्या वालुकाश्माची आहे आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिचा रंग खुलतो. वेटसूट गोड्या पाण्यात खळबळून सावलीत टांगा, मीठ राहिलं तर तो कडक होतो.

जून-जुलैत रात्री अकरालाही बाहेर उजेड असतो. त्या संधिप्रकाशाला तिथले लोक 'ग्रिमलिन्स' म्हणतात. खोलीचे पडदे जाड आहेत का ते बुक करताना विचारा, नाहीतर डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या. मामा माझा मफलर बांधून झोपला.